काकू, ते मशीन लोटेचं होतं

काकू,

काल मुलींच्या शाळेतून फोन आला होता. मुख्याध्यापिका बिरादार मॅडम बोलत होत्या. तुमच्या पुतण्यानं तुमचं शिवणाचं मशीन शाळेला दिलंय. ते काचेच्या पेटीत ठेवणार आहेत आणि पेटीवर लावायच्या पाटीसाठी त्यांना चार ओळी हव्या आहेत. "सर, तुम्हीच लिहा बघा. सत्काराला काय बोलला होता तुम्ही! तेच थोडक्यात द्या. आमच्या पोरी रडल्या होत्या." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि खुर्चीत तसाच बसून राहिलो. मंगलनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. लोक अजून चौकात, दुकानात तुमच्याबद्दल बोलतात आणि बोलता बोलता माझ्याकडे बघतात, कारण तुमची जी गोष्ट ते सांगतात ती त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेली आहे. ती गोष्ट खोटी आहे. हे दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. तुमच्यामागे कालपर्यंत मला एकट्याला माहीत होतं, आणि मी आणखी थोडे दिवस गप्प बसलो असतो तर ती खरी होऊन बसली असती. पाटीवर कोरली गेली असती की झालंच होतं.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी मुद्द्याचं सांग. सांगतो. पण मला थोडं मागून यावं लागेल, नाहीतर माझ्यानं तिथपर्यंत पोचवणार नाही.

तुम्हाला पहिल्यांदा कधी पाहिलं ते मला आठवत नाही. आपल्या दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळे मला कळायला लागलं तेव्हापासून तुम्ही होतातच. परगावचा पाहुणा आला की तुमच्याकडे टक लावून बघायचा आणि आम्हा पोरांना कळायचं नाही की हा असा काय बघतोय. काकू गोऱ्या आहेत, एवढंच आम्हाला माहीत. अण्णा जर्मनीला इंजिनाचं काम शिकायला गेले आणि येताना तुम्हाला घेऊन आले. सासरी गेर्डाची गिरिजा झाली. अण्णांच्या आईनं, अव्वानं, कन्नडमधून रागावत आणि मराठीतून समजावत तुम्हाला भाकरी थापायला शिकवली. तेव्हा तुम्ही तिशीच्या होतात. पुढची सत्तर वर्षं निलंग्यात काढलीत, म्हणजे गावातल्या बहुतेक निलंगेकरांपेक्षा तुम्ही जुन्या निलंगेकर.

मी लातूरला शिकून, मराठीचा मास्तर होऊन परत आलो आणि शहाणपणा करत तुमचं मराठी सुधारायला निघालो. "काकू, ‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’ म्हणावं." तुम्ही विळीवरची नजर न उचलता म्हणालात, "तुझं मराठी पुस्तकातलं हाय परकाश. माझं अव्वाचं हाय. अव्वा तुज्या पुस्तकाहून मोठी." पुन्हा मी त्या वाटेला गेलो नाही.

अव्वाकडून उचललेला एक कन्नड शब्द मात्र तुमच्यामुळे आमच्या घरातही राहायला आला. साकु. पुरे. ताटात भात पडत असला की साकु, पाहुणे फार रेंगाळले की साकु, आणि मी बोलायला लागलो की हमखास साकु. माझ्या भाषणांचं तुम्हाला वावडं होतं. निलंग्यात कुणाचा सत्कार असो, सेवानिवृत्ती असो, श्रद्धांजली असो, माइक माझ्याकडे. तुम्ही पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकायचात आणि घरी परतताना म्हणायचात, "पोस्टातला जाधव लई चांगला माणूस हाय. पन तू सांगितलास तो जाधव कोन व्हता?" मी हसायचो. त्यातलं बोचणारं मी कधी आत जाऊ दिलं नाही. कौतुक करताना चार रंग जास्त लागतातच, त्यानं कुणाचं काय बिघडतं, असं मी म्हणायचो. कुणाचं काय बिघडतं ते आता कळलंय.

आणि ते मशीन. लाकडी पेटीतलं, हातानं चाक फिरवायचं. तुम्ही जर्मनीहून येताना कपड्यांची एक ट्रंक आणि हे मशीन एवढंच आणलं होतं म्हणे. मे महिना लागला की तुमच्या ओसरीवर निळ्या कापडाचे ढीग पडायचे आणि शाळा उघडेपर्यंत मशीन चालू असायचं. मुलींच्या शाळेतल्या किती पोरी तुमच्या हातचा गणवेश घालून शिकल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. माझी खाकी चड्डीसुद्धा तुम्हीच शिवायचात, एक खिसा मुद्दाम खोल ठेवून. पण तुमचं स्वतःचं झंपर मात्र बाजारातल्या शिंप्याकडे जायचं. सगळ्या गल्लीत त्यावर विनोद होता. एखादा माणूस आपलं सोडून दुसऱ्याचं करत बसला की आमच्याकडे म्हणायचे, घरी मशीन अन् झंपर बाजारात. मीही म्हणायचो.

तुमची पंचाण्णवी उलटल्यावर एकदा दुपारी तुम्ही मला मशीनला तेल घालायला बोलावलंत. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी तेलाचं छिद्र कुठे आहे ते बोटानं दाखवत होतात. मी गमतीनं विचारलं, "काकू, एकदा खरं सांगा. घरी मशीन अन् झंपर बाजारात, असं कामून?"

तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही मशीनवर हात ठेवलात आणि भाजीबद्दल सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगायला लागलात.

"आमच्या खालच्या मजल्यावर लोटे राहायची. लोटे झिल्बरमान. माझ्याच वयाची. ज्यू व्हते ते. मशीन त्यांचं. म्या तिच्याकडंच शिवायला शिकले. मंग त्यांच्यासंगं बोलनं बंद झालं. घरात कुनी सांगितलं न्हाई, आपसूकच बंद झालं. दोघी जिन्यात भेटलो तरी खाली बघायचो. एकदा सकाळी ट्रक आला. लोटे, तिची आई, बाप, तिघांला बाहेर काढलं. म्या खिडकीत व्हते, पडद्याआड. लोटेनं वर बघितलं. म्या पडदा सोडला."

तुम्ही पुढे म्हणालात, "आठ दिसांनी त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, दारातच. समद्या गल्लीनं घेतलं. माझ्या आईनं मशीन घेतलं. म्हनली, बरं झालं, आता तुला शिवायला घरातच झालं. म्या एक फ्रॉक शिवला. घातला बी. मंग कधी स्वतःचं काय शिवलं न्हाई."

"ती परत...?"

"कुनी आलं न्हाई. लढाई संपल्यावर म्या लई दिवस विचारत व्हते."

"मग हे इकडं कशाला आणलंत काकू?"

"तिथं ठिवून आले असते तर दुसऱ्या कुनाचं तरी झालं असतं."

मी मास्तर. मला गप्प राहवत नाही. मी म्हणालो, तुम्ही एकोणीस वर्षांच्या, त्या राजवटीत भल्याभल्यांनी माना खाली घातल्या, तुम्ही काय करू शकला असतात? तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत. "कायबी करू शकले नसते," तुम्ही म्हणालात. "पन पडदा सोडायचा न्हवता. बघत राहायचं व्हतं. तिला दिसलं असतं, कुनीतरी बघून राहिलंय."

हे तुम्ही फक्त अण्णांना सांगितलं होतं. अण्णा गेल्यावर मला. का मला, हे मी विचारलं नाही. मनातून मला त्याचा मान वाटला, हे कबूल करतो. एवढं मोठं काहीतरी माझ्यापाशी ठेवायला दिलंत म्हणून. तुम्हाला वाटलं असेल, हा बोलका माणूस आहे, आपल्यामागे नीट सांगेल.

मग तुमचा शंभरावा वाढदिवस आला. तो आला म्हणजे आम्ही ओढून आणला. तुमची तारीख त्या वर्षी पितृपंधरवड्यात पडत होती. पक्षात सत्कार कसा करायचा, असं गावातले म्हणाले, शिवाय प्रमुख पाहुण्यांना त्याआधीचीच तारीख होती आणि गणपतीचा मांडव, माइक, खुर्च्या सगळं उभंच होतं. त्यातच उरकू, असं ठरलं. मी तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही प्रथमच घाबरलेल्या दिसलात. "आमच्याकडं दिसाच्या आधी शुभेच्छा देत न्हाईत परकाश. वाईट असतंय ते." मी म्हणालो, "काकू, शंभर झाली. आता काय वाईट व्हायचं राहिलंय?" तुमचा पुतण्या हसला, मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

त्या दिवशी तुम्हाला फुलांच्या खुर्चीत बसवलं होतं. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा तुमच्या कपाळावर सारखा घसरत होता आणि तुम्ही एका हातानं तो सावरत होतात. पाहुणे उशिरा आले आणि आल्या आल्या लवकर निघायचंय म्हणाले. समोर सगळं गाव, पुढच्या दोन रांगांत शाळेच्या मुली. मी माइक हातात घेतला.

मी खरं सांगायचं ठरवूनच उठलो होतो. तुमच्या परवानगीनं नाही, आपल्याच हिशेबानं. मला वाटलं होतं, या मांडवात आजवर कुणी असलं काही सांगितलं नसेल. मी लोटेचं नाव नीट घेतलं. ट्रक आला इथपर्यंत नीट सांगितलं. काकू खिडकीत होत्या, हेही सांगितलं. तिथं आलो आणि समोर पाहिलं. पोरी श्वास रोखून ऐकत होत्या. फुलांच्या खुर्चीत तुम्ही. काकूंनी पडदा सोडला, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि निघेना. त्या खुर्चीतल्या बाईबद्दल ते वाक्य मांडवात कसं म्हणायचं? मी म्हणालो, "आणि काकूंनी दार उघडलं."

एकदा दार उघडल्यावर पुढे सगळंच घडत गेलं. तुम्ही लोटेला मागच्या जिन्यानं तळघरात नेलंत. तुमच्या घराला तळघर होतं की नाही, मला माहीतही नाही. तुम्ही तिला महिनोन्महिने लपवलंत, आपल्या ताटातलं खायला घातलंत, हुकूमशहाच्या डोळ्यांत धूळ फेकलीत. लोटे सुखरूप परदेशी पोचली. आणि जाताना तिनं आपलं मशीन तुमच्या हाती ठेवलं, मैत्रीची खूण म्हणून. हे शेवटचं मला बोलता बोलता सुचलं आणि सुचल्याचा आनंदही झाला.

मध्येच तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "साकु, परकाश." बाजूच्या माइकनं ते उचललं. सगळ्या मांडवानं ऐकलं आणि सगळा मांडव कौतुकानं हसला. काकूंना आपली स्तुती सोसवत नाही, असं मीच वर म्हणालो. टाळ्या थांबेनात. तुम्ही दोन्ही हात खुर्चीवर रोवून उठायला लागलात, माझ्याकडे हात पुढे केलात. तुम्हाला माइक हवा होता. मला कळलं होतं काकू. लोकांना कळलं नसेल, मला कळलं होतं. मी माइक पाहुण्यांकडे दिला, कारण त्यांना लवकर निघायचं होतं.

खरं सांगण्यासारखं माझ्यापाशी काय कमी होतं? भूकंप झाला त्या सकाळी तुम्ही सत्तरीच्या असताना अण्णांच्या जीपमध्ये बसून खेड्यात गेलात. तिथे सगळे ओरडत होते, रडत होते, हाताला लागेल तो दगड उपसत होते. तुम्ही ढिगाऱ्यावर उभ्या राहून सगळ्यांना गप्प केलंत. ‘गप बसा, अन् कान लावा.’ लढाईत तुमच्या गावावर बाँब पडले तेव्हा तुम्ही हे शिकला होतात. गडीमाणसं दगडांना कान लावून पालथी पडली, आणि एक म्हातारी जिवंत निघाली. मी तिथेच होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हे सांगितलं असतं तर कुठे काय कमी पडत होतं? मला तर आता वाटतं की तुम्ही एवढ्या तडक गेलात त्याचा त्या खिडकीशी संबंध असणार. पण हे मी जोडतोय, तुम्ही कधी असं म्हणाला नाहीत. बघा, सवय जाता जात नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. रागावला नव्हतात, रागावला असतात तर बरं झालं असतं. "तू लोटेला वाचवलंस," तुम्ही म्हणालात. "ती वाचली न्हाई परकाश."

मी म्हणालो, "काकू, लोकांनी एवढं प्रेम केलं. त्यांना आता काय फरक पडतो?"

"लोटेला पडतो."

"ती कुठं आहे आता?"

"म्हनूनच पडतो," तुम्ही म्हणालात. "तिनं मला मशीन दिलं न्हाई. आमी घेतलं. तू गावाला सांग."

मी सांगतो म्हणालो. आणि मग घरी येऊन फुगून बसलो. एवढं मोठं कौतुक केलं त्याचं हे फळ, असं मंगलला म्हणालो. काय खोटं बोललो ते मात्र बायको असून तिला सांगितलं नाही. तुमचा खरा वाढदिवस आला तेव्हा भिंतीपलीकडे आलो नाही. तुम्ही दरवर्षी पातेल्यात वाळू घालून गुळाचा केक करायचात. त्या वर्षीही केलात, म्हणजे पुतण्याच्या बायकोकडून करून घेतलात, आणि नेहमीसारखा झाकलेल्या ताटलीत आमच्याकडे पाठवलात. तो माझ्या घशात अडकला असं लिहिलं तर छान दिसेल. अडकला नाही. चवीनं खाल्ला, वर मंगलच्या वाट्याचाही अर्धा खाल्ला.

यापुढचं सांगताना हात थांबतोय, कारण मांडवातलं खोटं निदान भरात बोललेलं होतं.

महिन्याभरानं लातूरहून एक वार्ताहर तुम्हाला भेटायला आला. तुम्हाला ऐकू कमी यायचं म्हणून त्याचे प्रश्न मोठ्यानं सांगायला मला शेजारी बसवलं होतं. त्यानं विचारलं, त्या मुलीला लपवताना भीती नाही का वाटली? मी प्रश्न तुमच्या कानाशी सांगितला. तुम्ही सरळ बसलात. "म्या कुनाला लपवलं न्हाई. म्या खिडकीत व्हते. म्या पडदा सोडला. ह्यो परकाश बोलला ते खरं न्हाई." एकेक शब्द सुटा, स्पष्ट. शंभर वर्षांच्या बाईनं यापेक्षा स्पष्ट काय बोलायचं?

वार्ताहर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी आवाज खाली आणून त्याला म्हणालो, "वय झालंय. अलीकडे थोडं विस्मरण होतं त्यांना."

तुम्हाला ऐकू कमी यायचं, पण तेवढं ऐकू आलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चष्म्याआडचे तुमचे डोळे दुधाळ झालेले, त्यांना मी कितपत दिसत होतो कोण जाणे. तुम्ही "साकु" म्हणालात आणि आत निघून गेलात. बातमी छापून आली, मांडवातलीच गोष्ट. उत्साही मंडळींनी कात्रण फ्रेम करून तुम्हाला भेट दिलं. तुमच्यामागे खोली आवरताना ते सापडलं, तोंड भिंतीकडे करून टांगलेलं. पुतण्या म्हणाला, "रंग द्यायचा व्हता भिंतीला, म्हनून फिरवलं आसंल." मी हो म्हणालो.

तुमचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, काकू. मीच गावाला सांगितलं की तुम्ही विसरायला लागलात. त्यानंतर तुम्ही कुणाला खरं सांगितलंतही असेल, पण मी तुमच्या शब्दाचं मोलच घालवून ठेवलं होतं. तुम्ही एकोणीस वर्षांच्या असताना खाली ट्रक घेऊन आलेल्यांची तरी भीती होती. मला कुणाची भीती होती? सर खोटं बोलतात असं कुणी म्हणेल, एवढ्याचीच. मला स्वतःची लाज वाटते. हे लिहितानाही वाटते आहे, आणि वाटावी.

तुम्ही जायच्या आठवडाभर आधी मी येऊन गेलो. तुम्ही खाटेवर होतात, पायांवर सोलापुरी चादर. माझा हात धरलात आणि म्हणालात, "नाव म्हन."

"कुणाचं?"

"तिचं."

मी म्हणालो, लोटे सिल्वरमन. तुम्ही मान हलवलीत. "झिल्बरमान. पुन्हा म्हन." मी पुन्हा म्हणालो. "पुन्हा." पाच-सहा वेळा म्हणायला लावलंत, वर्गात मी पोरांना पाढे म्हणायला लावतो तसं. शेवटी बरोबर आलं तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत आणि माझा हात सोडलात. मी तेव्हाही काही वचन दिलं नाही. तुम्ही मागितलंही नाहीत.

तुम्हाला अण्णांच्या शेजारी, आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून समाधी दिली. कपाळाला विभूती, मांडीवर बेलाची पानं. जर्मन बाई म्हणून कुणी एक शब्द काढला नाही. काढला असता तर अव्वा उठून आली असती. नंतर तिथेच श्रद्धांजलीची भाषणं झाली. तिघं बोलले, आणि तिघांनीही तळघर सांगितलं. एकानं तर तळघरात आणखी दोन लहान लेकरं घातली. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. सगळी माणसं समोर, ताजी माती समोर. मी म्हणालो, मला बोलवत नाही, आणि खाली बसलो. शेजारच्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. सरांना फार लागलं, असं लोक म्हणाले.

काल संध्याकाळी मंगलला सगळं सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. मग मी पाटीच्या ओळी लिहिल्या आणि तिला वाचून दाखवल्या. ‘हे मशीन लोटे झिल्बरमान हिच्या घरचं. लोटेला आणि तिच्या आईवडिलांना नाझी राजवटीत घरातून नेलं. ते परत आले नाहीत. मशीन लिलावात शेजाऱ्यांनी घेतलं. शेजाऱ्यांची मुलगी गेर्डा हिनं ते निलंग्याला आणलं. त्यावर तिनं या शाळेतल्या मुलींचे गणवेश शिवले, स्वतःसाठी शिवलं नाही.’

मंगलनं ऐकलं. "अन् पडदा?" ती म्हणाली.

मी पुन्हा लपवलं होतं, काकू. या वेळी तळघर न बांधता. मधे दोन वाक्यं घातली: ‘गेर्डा खिडकीतून बघत होती. लोटेनं वर पाहिलं तेव्हा तिनं पडदा सोडला.’

आज सकाळी बिरादार मॅडमना फोन करून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सर, पण सत्काराला तर तुम्ही..."

"ते मी खोटं बोललो."

"अहो सर, काकू शेवटी शेवटी विसरायच्या ना? तुम्हीच म्हणाला होतात. त्यातून काही तरी..."

माझंच खोटं फिरून माझ्या दारात आलं होतं, आणि अजून मला सोडवायला तयार होतं. हो म्हटलं की सुटलो. "मॅडम," मी म्हणालो, "काकू काहीही विसरल्या नव्हत्या. त्या खरं बोलत होत्या म्हणून मी त्यांना विसराळू ठरवलं."

त्या मास्तरीणबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "पाटी मी लावते सर. पण पोरींना हे तुम्ही येऊन सांगायचं. सोमवारी परिपाठाला या."

सोमवारी जाणार आहे. कागद घेऊन जाईन, कारण माझ्या तोंडाचा भरवसा नाही. पहिल्या रांगेत त्या दिवशी रडलेल्या पोरी असतील आणि तुमची खुर्ची नसेल. तुम्ही हात पुढे केलात तेव्हा माइक दिला नाही, आता तो हातात घेऊन मी काय मोठं करणार, हेही कळतंय. तुम्ही असताना जे एका ‘हो’मध्ये झालं असतं त्याला तुम्हाला जावं लागलं. याची माफी मागायचीसुद्धा मी लायकी ठेवलेली नाही.

तेव्हा भाषण करणार नाही. नाव घेईन, तुम्ही घोकून घेतलंत तसं. लोटे झिल्बरमान. मग पडदा सांगेन. मग माझं खोटं सांगेन, आणि खाली बसेन.

साकु.